ट्यूब निळी राहिली का?

लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या बाईकडे सांगण्यासारखं काय असणार, असं आमच्या घरी सगळ्यांना वाटायचं. रक्त यायचं, रिपोर्ट जायचा, मध्ये आम्ही. पण किस्से काही तुमची परवानगी घेऊन साठत नाहीत. रिटायर होऊन बसले आणि पाहते तर काय, माझ्याकडे साड्यांपेक्षा किस्सेच जास्त! त्यातले पोटाच्या वॉर्डातले मी सहसा जेवताना सांगत नाही. आज जेवण झालेलं आहे, तेव्हा ऐका.

गोष्ट नव्वदनंतरची, बडोद्याच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातली. रस्त्यावर नव्या नव्या गाड्या आल्या होत्या, घरोघरी केबल आली होती, पण आमच्या लॅबमध्ये मशीन यायचं होतं. पोटात असह्य कळ घेऊन माणूस आला की सर्जनपुढे प्रश्न एकच: अल्सर फुटलाय, की स्वादुपिंडाला सूज आलीय? अल्सर फुटला असेल तर ताबडतोब पोट उघडायचं, नाहीतर माणूस जातो. स्वादुपिंडाला सूज असेल तर पोट उघडायचं नाही, नाहीतर माणूस जातो! आणि दोघंही विव्हळतात अगदी सारखेच. सीटी स्कॅन करायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, अलकापुरीत जायला लागायचं, तिथवर पेशंट टिकला पाहिजे.

मग रक्त आमच्याकडे यायचं. स्टार्चच्या पाण्यात पेशंटचं सीरम टाकायचं, काही मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचं, वरून आयोडिन. ट्यूब गर्द निळी झाली की स्वादुपिंड ठीक. पण त्याला सूज असेल तर त्यातला अमायलेज नावाचा रस रक्तात उतरतो, स्टार्च खाऊन टाकतो आणि ट्यूबचा रंग उडतो. रंग उडाला म्हणजे थांबा. निळी राहिली म्हणजे सुरी. वॉर्डातून फोन यायचा तोच मुळी असा: "सुधाबेन, ट्यूब निळी राहिली का?"

सुधाबेन म्हणजे मी. दांडिया बाजारातल्या मराठी घरातली असले तरी हॉस्पिटलात सगळ्यांची बेन!

* * *

आमचे सीनियर टेक्निशियन हसमुखभाई. नावाप्रमाणे माणूस. तोंड एक क्षण बंद नाही. मॅच, भाजीचा भाव, शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न, सगळं ट्यूबांवर वाकून सांगायचे.

एक दिवस सहा पेशंटांचं अमायलेज लावलं आणि सहाही ट्यूबांचा रंग उडाला. सहाही! त्यात एक म्हातारी होती, जिचा फक्त घोटा मोडला होता. आमचे सर्जन डॉ. दिघे तडक खाली आले. सरांच्या आजोबांनी गायकवाडी दरबारात नोकरी केलेली, त्यामुळे सर रागावले तरी "आपण" म्हणायचे.

"हसमुखभाई, आपण काल रात्रीची मॅच या ट्यूबांना ऐकवत होता का?"

"हो साहेब. शेवटची ओव्हर एकदम जोरदार होती."

सरांनी कपाळाला हात लावला. तोच रस माणसाच्या थुंकीतही असतो. बोलताना उडालेला एक बारीकसा तुषार ट्यूबमध्ये पडला तरी स्टार्च संपतो. हसमुखभाईंनी एका ओव्हरमध्ये सहा माणसांना आजारी केलं होतं.

त्या दिवसापासून नियम झाला. अमायलेज लागलं की लॅबमध्ये कुणी बोलायचं नाही. तोंडावर मास्क, हाताने खुणा. खिडकीपाशी रिपोर्टसाठी उभे असलेले नातेवाईक आत बघायचे, तर आम्ही चौघं पाण्यातल्या ट्यूबांभोवती मान खाली घालून गप्प उभे! एकदा एका बाईंनी बाहेरून हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

हसमुखभाईंना तेव्हा हसायचीही बंदी होती. बिचाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

* * *

गुजरातमध्ये दारूबंदी. त्यामुळे आमच्याकडे दारू कुणीच पीत नाही! सर विचारायचे, "दारू घेता का?" पेशंट पोट धरून कळवळत असला तरी दुखावल्यासारखा बघायचा. "साहेब, गुजरातमध्ये?"

कोयलीच्या रिफायनरीत फिटरचं काम करणारे शिंदे म्हणून एक गृहस्थ आले. मूळचे जळगावकडचे. ट्यूबचा रंग साफ उडालेला. बायको ठाम. "माळकरी आहेत हो ते. थेंबाला शिवत नाहीत." सरांनी तसं लिहून घेतलं. उपचार ठरलेला: नाकातून नळी, हाताला सलाईन आणि तोंडातून काहीही नाही. पाण्याचा घोटही नाही. स्वादुपिंडाला विश्रांती द्यायची तर पोटात काही जाताच कामा नये.

तिसऱ्या दिवशी शिंद्यांचे हात थरथरायला लागले. भिंतीवर काय काय दिसायला लागलं. दारूची सवय असलेल्या माणसाची दारू अचानक तुटली की तिसऱ्या दिवशी असं होतं, हे सरांना चांगलं माहीत होतं. त्यांनी बायकोकडे नुसतं पाहिलं. ती पदर चेहऱ्यावर ओढून बाहेर गेली.

मी रक्त घ्यायला गेले तर शिंदे शेजारच्या रिकाम्या कॉटशी बोलत होते. अगदी शांतपणे, गावाकडच्या माणसाशी बोलावं तसे. मला बघून म्हणाले, "मॅडम, मला पाणी नका देऊ, पण या म्हाताऱ्याला तरी घोटभर द्या ना. पाच दिवस झाले म्हणतो. पादरा गावाहून आलाय."

मी हसून सिस्टर कोकिलाबेनकडे वळले. त्या हातातली सलाईनची बाटली धरून तशाच उभ्या. वॉर्डात वीस वर्षं काढलेली बाई, कशाला न घाबरणारी.

"सुधाबेन," त्या हळू म्हणाल्या, "या कॉटवरचा डोसा पादऱ्याचाच होता. याच आजाराचा. पाच दिवस पाणी मागत होता. मंगळवारे गया. आणि हा शिंदे तर गुरुवारी आला."

डोसा म्हणजे आमच्या गुजरातीत म्हातारा. त्यांनी मग टेबलावरचा पेला भरला आणि रिकाम्या कॉटच्या उशाशी ठेवला. सर राउंडला आले, त्यांनी पेला पाहिला. वॉर्डात पाण्याचा पेला दिसला की आकाशपाताळ एक करणारे सर त्या दिवशी पेल्याला वळसा घालून पुढच्या कॉटकडे गेले.

* * *

"तोंडातून काही नाही" ही पाटी कॉटला लावायची आणि नातेवाइकांनी ती वाचायची नाही, असा रिवाजच होता. कुणी ब्लाउजमधून पेढा आणायचं, कुणी थर्मासमधून कढी. शिक्षकीतून निवृत्त झालेले आमचे कुलकर्णी मास्तर ॲडमिट होते. त्यांच्या सौभाग्यवतींनी उशीच्या खोळीत खोबऱ्याची वडी दडवली होती. कोकिलाबेननी ती दोन मिनिटांत काढली.

"कशी कळली?" मी विचारलं.

"मंकोडा," त्यांनी कॉटच्या पायाकडे बोट दाखवलं. मुंगळ्यांची रांग! कोकिलाबेन आधी कॉटचे पाय बघायच्या, मग पेशंटचा चेहरा.

मास्तरांच्या बायकोला सरांनी चार दिवस वॉर्डात यायलाच मनाई केली. उशी, गादी, कपाट, सगळं झाडून झालं. मास्तर अर्धवट शुद्धीत, कुणी भेटायला नाही, अन्नाचा कण नाही. तरी सकाळी मुंगळे हजर! कॉट दुसऱ्या भिंतीला हलवली. दुपारी मुंगळे तिकडे. आयाबायका कुजबुजायला लागल्या की मास्तरांना काही दिसत नाही पण मुंगळ्यांना दिसतंय. कॉटजवळ जायला एकही तयार होईना.

कोकिलाबेन खाली बसल्या आणि रांग कुठे जाते ते बघत राहिल्या. रांग गादीकडे जातच नव्हती. ती कॉटखालच्या लघवीच्या भांड्यात उतरत होती.

त्या तशाच लॅबमध्ये आल्या. "सुधाबेन, मास्तरनी शुगर जुओ. हमणांज. आत्ताच्या आत्ता." आम्ही साखर बघितली. इतकी होती की मी दोनदा केली. स्वादुपिंड आतून इतकं जळालं होतं की शरीराला साखर पेलेनाशी झाली होती. इन्शुलिन सुरू झालं, मास्तर शुद्धीवर आले.

सरांनी कोकिलाबेनना विचारलं, "आपल्याला कसं सुचलं?"

"साहेब, माणूस खोटं बोलतो. मुंग्या कशाला बोलतील?"

* * *

हा किस्सा लहान आहे आणि मी तो फारसा सांगत नाही.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी एक तरुण जोडपं आलं. तो पोट धरून, ती त्याला धरून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोघांच्या कानामागे अजून गुलाल होता. दोन दिवस त्याची तब्येत बरी वाटत होती. तिसऱ्या दिवशी मी रक्त घ्यायला गेले तर ती ओल्या फडक्याने त्याचं पोट पुसत होती. बेंबीभोवती निळा डाग.

"बघा ना ताई," ती माझ्याकडे बघून हसली, "मीच टाकला होता रंग. सगळा निघाला, एवढा निघतच नाही."

माझ्या मागे सर उभे होते. स्वादुपिंडातून रक्त झिरपायला लागलं की ते बेंबीभोवती असं वर येतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी तिच्या हातातलं फडकं अलगद काढून घेतलं. "राहू दे बेटा. दमलीस तू," म्हणाले. मला म्हणाले, "आज रक्त घेऊ नका."

मी लॅबमध्ये येऊन रडले. आजही गुलालाचा वास आला की मला तिचं हसणं आठवतं.

* * *

डभोईचा एक कापडवाला, वय बत्तीस. कळ इतकी की गुडघे छातीशी घेऊन बसलेला. मी अमायलेज लावलं. ट्यूब निळी! फोनवर सांगितलं, थिएटर तयार व्हायला लागलं.

रिपोर्ट लिहिताना सहज हाताशी असलेल्या नळीकडे लक्ष गेलं. रक्त फिरवून वेगळं केलं की वर पिवळसर सीरम दिसतं. इथे वर दूध होतं. पांढरं, घट्ट, साईसारखं. घाईत सीरम घेताना मी तिकडे नीट पाहिलंच नव्हतं! रक्तात चरबी बेसुमार वाढली की असं होतं, आणि त्यानेच स्वादुपिंड सुजतं. वर पुन्हा ती चरबी आमच्या टेस्टला चकवते. ट्यूब खोटी निळी राहते.

मी नळी घेऊन खिडकीत उजेडाला धरली आणि बाहेर उभ्या असलेल्या पेशंटच्या वडिलांची नजर तिच्यावर पडली. ते तिथेच नुसते खाली बसले.

"पांढरं झालं?" म्हणाले. "याच्या काकाचं पण झालं होतं. आणि माझ्या बापाचं. आमच्या घरात बत्तिसाव्या वर्षी रक्ताचं दूध होतं, बेन. माझंच कसं नाही झालं, कोण जाणे. म्हणून तर याचं लग्न लवकर केलं."

पण थिएटरमध्ये सुरी तयार होती. मी ते सीरम पाण्याने दहापट पातळ केलं आणि पुन्हा लावलं. ती मिनिटं मी कशी काढली माझं मला माहीत. आयोडिन टाकलं. रंग उडाला!

जिन्यावरून धावत गेले. सर हात धूत होते. मी नुसती रंग उडालेली ट्यूब वर धरली. त्यांनी नळ बंद केला. पोरगा वाचला. पुढे त्याचे वडील दर दिवाळीला मिठाई आणायचे, आणि डबा देताना दरवेळी तेच सांगायचे, "बेन, याचा मुलगा आता आठ वर्षांचा झाला." मग नऊ. मग दहा. मला ते मोजणं ऐकवत नसे.

* * *

आता शेवटचा. हा मी घरीसुद्धा एकदाच सांगितलाय.

रोज पेशंटांच्या ट्यूबांबरोबर एक ट्यूब निरोगी माणसाच्या सीरमची लावायची असते. ती निळी आली की समजायचं आपलं स्टार्च, आयोडिन, सगळं ठीक. आमच्याकडे सीरम बाहेरून मागवायची पद्धत नव्हती. दर सोमवारी आमच्यातल्याच एकाचं रक्त काढून, सीरम बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवायचो. आणि तो एक म्हणजे कायम हसमुखभाई. बाही वर करून म्हणायचे, "घ्या बेन! अख्ख्या वडोदराचं नॉर्मल म्हणजे मी."

तो शुक्रवार होता. हसमुखभाई भाच्याच्या साखरपुड्याला गेले होते. लॅबमध्ये मी एकटी, मास्क लावलेला. पाच पेशंटांच्या ट्यूबा निळ्या आल्या. हसमुखभाईंच्या बाटलीतली मात्र पांढरी, रंग पार उडालेला. सोमवार ते गुरुवार तीच बाटली रोज निळी येत होती.

पिपेट बदलली. पुन्हा लावली. पांढरी. तिसऱ्यांदा लावली. पांढरी.

दुपारी बारा वाजता हसमुखभाई आले, कपाळाला कुंकू, खिशात सुपारीची पुडी. मी ट्यूब दाखवली. पोट धरून हसले. "सुधाबेन, मी तर मस्त आहे! तुम्हीच बोलल्या असणार." लगेच बाही वर केली. ताजं रक्त घेतलं, लावलं. निळं, गर्द निळं. मीही हसले. बाटली फेकून द्यायची राहून गेली.

तीन वाजता हसमुखभाई रजिस्टर लिहिता लिहिता थांबले. पेन खाली ठेवलं. मग स्टुलावरच पुढे वाकले, दोन्ही हात पोटाशी, कपाळ टेबलाला टेकलेलं. त्या माणसाला मी इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं.

वरती नेलं. गुडघ्यासाठी ते वर्षभर दुखण्याच्या गोळ्या खात होते, आणि त्या गोळ्यांनी अल्सर फुटतो हे सगळ्यांना ठाऊक. पोट लाकडासारखं कडक. एक्स-रेत काही दिसेना, पण नाही दिसलं तरी अल्सर नाही असं म्हणता येत नाही. पुन्हा रक्त घेतलं. ट्यूब निळी. थिएटर तयार झालं. हसमुखभाईंची बायको, जशोदाबेन, माझा हात सोडेना.

सर थिएटरच्या दारात उभे. "सुधाबेन, ट्यूब?"

"निळी आहे सर."

सर वळले. मी म्हटलं, "सर... एक मिनिट." आणि सकाळच्या बाटलीचं सगळं सांगितलं. सांगताना मलाच लाज वाटत होती. चार दिवसांपूर्वी काढलेलं रक्त, फ्रीजमधल्या बाटलीतलं! त्याचा आज दुखणाऱ्या पोटाशी संबंध काय? मी चुकले असेन तर थांबण्यात हसमुखभाईंचा जीव जाणार होता, आणि तो माझ्या बोलण्याने.

सरांनी विचारलं, "मास्क होता?"

"होता."

"तीनदा?"

"तीनदा."

त्यांनी मग घड्याळ बघितलं. "दुखायला लागून तासच झालाय. अमायलेज चढायला वेळ लागतो, हे खरंय. दोन तास थांबतो. त्यापुढे मी थांबणार नाही." मग हळूच म्हणाले, "बाटलीचं कुणाला सांगू नका."

ते दोन तास मी देवाचं नावही नीट घेऊ शकले नाही. कोकिलाबेन दर दहा मिनिटांनी नाडी बघत होत्या. सहा वाजता रक्त घेतलं, मी खाली पळाले, लावलं, आयोडिन टाकलं.

रंग उडाला! पाण्यासारखी स्वच्छ ट्यूब. नंतर सोनोग्राफीत पित्ताशयातला खडाही सापडला. हसमुखभाईंचं पोट कुणी उघडलं नाही. नळी, सलाईन, तोंडातून काही नाही. पंधरा दिवस घोटभर पाण्यासाठी शिव्या देत ते बरे झाले.

पण मी सांगतेय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. लॅबमध्ये मी पहिल्यांदा फ्रीज उघडला आणि तीच बाटली काढली. तेच सीरम, तेच स्टार्च, तेच आयोडिन. सर दारात येऊन उभे राहिले होते.

ट्यूब निळी झाली.

मी पुन्हा लावली. निळी. सरांनी ती हातात घेतली, उजेडाला धरली, परत स्टँडमध्ये ठेवली. कोकिलाबेन रिपोर्ट न्यायला आल्या होत्या, त्याही बघत राहिल्या. कुणीच बोललं नाही, आणि या वेळी ते नियमामुळे नव्हतं.

शेवटी मीच म्हटलं, "सर, हसमुखभाई तर वर आहेत. पुढच्या आठवड्याला नवं नॉर्मल सीरम लागेल. कुणाचं घेऊ?"

सरांचा हात आपसूक बाहीकडे गेला. बटण निघालं, बाही कोपरापर्यंत वर आली. मी सुईचं पाकीट फोडलं.

सर माझ्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी बाही खाली ओढली, बटण लावलं.

"बाहेरून मागवा," म्हणाले आणि राउंडला निघून गेले.